दुधाचे दात आणि आंब्याची कोय

गोंदिया जिल्ह्यात गावठी कुत्री बहुधा पावसाळा सरल्यावर वितात. धान कापून खळ्यावर येते, तणसाचे ढीग लागतात आणि त्यांच्या आडोशाला थंडीत पिल्ले दिसू लागतात. भारतभर मोकाट कुत्र्यांच्या विणीचा हाच मोठा हंगाम आहे. पौषात जन्मलेले एखादे पिल्लू घरातले पोर उचलून आणते, महाशिवरात्रीपर्यंत ते अंगणात रुळते आणि चैत्र निम्मा सरतो तोवर त्याचे दुधाचे दात हलायला लागलेले असतात. तिथून आषाढापर्यंत त्याच्या तोंडाला चैन नसते. चप्पल, खाटेची दोरी, केरसुणी, पोरांची बोटे, जे सापडेल ते चावत सुटते.

याच महिन्यांत गावात काय काय चाललेले असते ते पाहा. लग्नसराई असते, म्हणून मांडवामागे शिजलेल्या हाडांचे ढीग पडतात. आंबे येतात, म्हणून गल्लोगल्ली कोयी दिसतात. तेंदूपत्ता तोडायला माणसे जंगलात जातात आणि कोणाच्या तरी हाती चितळाचे गळलेले शिंग लागते. पाऊस सुरू झाला की दाणे खाऊन फेकलेली मक्याची कणसे रस्त्याकडेला साचतात. पिल्लाला चावायला काहीतरी हवेच असते तेव्हाच त्याच्यासाठी सगळ्यात घातक अशा वस्तू फुकटात समोर असतात. आणि यातली प्रत्येक वस्तू अगदी शंभर टक्के नैसर्गिक असते.

म्हणून वाढत्या पिल्लासाठी चघळण्याचा खाऊ निवडताना पाकिटावर काय छापले आहे ते मागाहून वाचावे. आधी पिल्लाचे ओठ वर करून दात पाहावेत. कोणत्या वयात काय द्यायचे याचे बहुतेक उत्तर तिथेच मिळते.

पिल्लू बिनदाताचे जन्मते. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात फुटू लागतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास ते २८ होतात: पुढचे १२, सुळे ४ आणि दाढा १२. हे दात फार टोकदार आणि फार बारीक असतात. साडेतीन-चार महिन्यांचे झाले की पुढचे दात पडायला लागतात, मग सुळे आणि दाढा. सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ दात येतात. त्यांतल्या अगदी मागच्या १० दाढा थेट कायमच्याच उगवतात, त्यांच्या जागी दुधाचे दात कधी नसतात. पडलेले दात पिल्लू बहुतेक वेळा गिळून टाकते, त्यामुळे ते आपल्याला सापडत नाहीत. चघळलेल्या वस्तूवर रक्ताचा एखादा ठिपका दिसला तर या वयात तो बहुधा हिरडीचा असतो, घाबरायचे कारण नाही.

खरी जपण्याची गोष्ट पुढे आहे. कुत्र्याच्या दातावरचे कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, एक मिलिमीटरही जाड नसते. माणसाच्या दाढेवर ते अडीच मिलिमीटरपर्यंत असते. शिवाय नुकत्याच फुटलेल्या कायमच्या दाताची भिंत आतून पातळ असते आणि मधली नस-रक्तवाहिन्यांची पोकळी मोठी असते. ही भिंत आतून भरत भरत जाड व्हायला पुढे बरेच महिने लागतात. म्हणजे सहा महिन्यांचे कुत्रे दिसायला थोराड झाले, दात पांढरेशुभ्र आणि मजबूत दिसू लागले, तरी तेव्हा ते आयुष्यातले सगळ्यात नाजूक कायमचे दात असतात. असा दात मोडला की पोकळी उघडी पडते, जंतू आत शिरतात, मुळाशी पू होतो. वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना एकेक मोठी दाढ असते, ती खालच्या दाढेवर कात्रीसारखी घासते आणि मांस कातरते. कडक वस्तू चावताना सर्वांत जास्त मोडते ती हीच दाढ. तिचा बाहेरचा कपचा उभा निघतो. कुत्रे कुरकुरत नाही, फक्त दुसऱ्या बाजूने खाऊ लागते, आणि महिन्यांनी डोळ्याखाली सूज आली की मग घरच्यांना कळते. दुधाचा दात मोडला तर तो पडणारच आहे म्हणून सोडून द्यावा, हेही बरोबर नाही. त्यातला जंतुसंसर्ग खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताच्या अंकुरापर्यंत पोचू शकतो.

पशुदंतवैद्य यासाठी एक सोपी कसोटी सांगतात. वस्तूवर अंगठ्याचे नख जोराने दाबायचे. खूण उमटली किंवा वस्तू थोडी वाकली तर ठीक. नख हरले तर ती पिल्लाला द्यायची नाही. दुसरी कसोटी आणखी सरळ आहे: ही वस्तू स्वतःच्या गुडघ्याच्या वाटीवर आपटून घ्यायची तयारी आहे का? नसेल तर ती दातासाठीही नाही. या दोन कसोट्यांत शिंग, खूर, नळीचे हाड आणि दगडासारखे वाळवलेले चीज एका झटक्यात बाद होतात.

शिंगाबद्दल आपल्या जिल्ह्यात वेगळे बोलायलाच हवे. अमेरिका-युरोपात हरणांची गळलेली शिंगे कापून कुत्र्यांचा खाऊ म्हणून विकली जातात, आणि मोबाइलवर ते पाहून इथल्या हौशी माणसालाही वाटते की आपल्याकडे तर जंगलच शेजारी आहे. नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला, चितळ-सांबर तिथे भरपूर आहेत आणि नर दरवर्षी शिंगे टाकतात. पण ते शिंग उचलून आणणे, घरी ठेवणे किंवा विकणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा ठरतो, ते आपोआप गळलेले असले तरी. कायदा बाजूला ठेवला तरी शिंग म्हणजे घट्ट हाडच, दाताचा कपचा काढणारे. आणि जंगलात ते वाया जात नाही. साळिंदर ते रात्री कुरतडते, त्यातून त्याला कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळते. साळिंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, झिजले तरी भरून येतात. कुत्र्याचा झिजलेला किंवा मोडलेला दात पुन्हा वाढत नाही. ते शिंग साळिंदरासाठीच राहू द्यावे.

आता हाडे. कुत्रा आणि हाड ही जोडी आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की लग्नाच्या मांडवातून पातेलेभर हाडे घरच्या पिल्लासाठी बांधून आणणारी प्रेमळ माणसे मी गावोगाव पाहतो. शिजवल्याने हाडातला ओलावा आणि चिवटपणा जातो, ते ठिसूळ होते आणि चावताना लांबट टोकदार तुकड्यांत फुटते. हे तुकडे घशात, अन्ननलिकेत किंवा आतड्यात रुततात. कोंबडीची हाडे त्यात सगळ्यात वाईट. बोकडाच्या नळीचे गोल कापलेले तुकडे खालच्या जबड्यावर सुळ्यांमागे अडकून बसतात आणि ते कापूनच काढावे लागतात. कारखान्यात भाजून, धुरावून, पाकिटात घालून विकलेली हाडेही निर्धोक नसतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली अशा पाकीटबंद हाडांविषयी इशारा दिला. तोवर त्यांच्याकडे सुमारे ९० कुत्री आजारी पडल्याच्या आणि १५ मेल्याच्या तक्रारी आल्या होत्या.

यावर गावात एक उत्तर हमखास मिळते: आमची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या हाडेच खात आली, त्यांना कुठे काय झाले? जे कुत्रे दिसते ते वाचलेले असते. आतडे फाटून मेलेले पिल्लू बोडीच्या पाळीमागे जाऊन पडते आणि ते कशाने गेले याचा तपास कोणी करत नाही. पिल्लांत मरण्याचे प्रमाण इतके मोठे असते की त्यात हाडाने मेलेली वेगळी मोजली जात नाहीत.

कच्चे हाड फुटत नाही म्हणून बरे, असाही एक मतप्रवाह आहे. त्याचा दात मोडण्याचा धोका तसाच राहतो आणि जंतूंचा वाढतो. मेलबर्न विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कच्ची कोंबडी, विशेषतः तिच्या माना, खाणाऱ्या कुत्र्यांत पाय लुळे पडण्याच्या एका मज्जासंस्थेच्या आजाराचा धोका वाढलेला आढळला. कच्च्या कोंबडीतला कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू त्यामागे असावा असा त्यांचा निष्कर्ष होता.

पण हाडापेक्षाही मला भीती वाटते ती कोयीची. रस चोखून टाकलेली कोय गोड लागते, बोटभर रेशांमुळे चघळायला मजा येते आणि दात शिवशिवणाऱ्या पिल्लाला तर ती हवीहवीशीच वाटते. गावठी आंब्याची लहान कोय मध्यम पिल्लू सहज गिळते. पोटात ती विरघळत नाही. जठरातून पुढे सरकली तर लहान आतड्यात अडते, मागचा भाग फुगतो, आतड्याच्या त्या पट्ट्याचा रक्तपुरवठा तुटतो. मक्याच्या कणसाचेही तेच. वरून गुळगुळीत दिसणारा कणसाचा तुकडा न पचता आतड्याच्या मापात बरोबर बसतो. या दोन्ही वस्तू साध्या क्ष-किरण चित्रात हाडासारख्या ठळक उमटत नाहीत, त्यामुळे पिल्लाने काय गिळले असावे हे घरच्याने डॉक्टरांना स्वतःहून सांगणे फार मोलाचे असते. वारंवार उलटी, खाण्याकडे पाठ, पोट आखडून उभे राहणे, शी न होणे, ही लक्षणे दिसली तर एरंडेल पाजून वाट पाहू नये. अडलेल्या आतड्यावर जुलाबाचे औषध म्हणजे आतडे फाडण्याची तयारी. तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात तपासून घ्यावे, आणि शस्त्रक्रिया लागणार असेल तर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवरचे नागपूर गाठावे. तिथे १९५८ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिल्या दिवशी निघालेल्या पिल्लाला जेवढी संधी असते तेवढी तिसऱ्या दिवशी उरत नाही.

हे सगळे नको म्हटल्यावर द्यायचे काय? सुदैवाने उत्तर आठवडी बाजारातच आहे.

दोन ते चार महिन्यांच्या पिल्लाला मुळात पोषणासाठी च्यू, म्हणजे चघळण्याचा खाऊ, लागत नाही. त्याला हिरडीवर दाब आणि गारवा हवा असतो. धुतलेल्या सुती कापडाची जाडजूड गाठ मारायची, पाण्यात भिजवून पिळायची आणि फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायची. पिल्लू ती चावते, गार वाटते, हिरडी शांत होते. समोर बसून द्यायची आणि धागे सुटू लागले की काढून घ्यायची. जाड, तोंडात पूर्ण मावणार नाही असे अख्खे गाजर फ्रिजमध्ये गार करून द्यावे. गाजराच्या १०० ग्रॅममध्ये जेमतेम ४० कॅलरी असतात, आणि पिल्लाने त्याचा चुरा केला तरी तो पोटात अडत नाही. मात्र चावून चावून अंगठ्याएवढे उरले की ते उचलायचे. छोटे गाजर किंवा गोल चकत्या देऊ नयेत, त्या घशात बसतात.

रताळे महाशिवरात्रीला आणि आषाढीला घरोघरी येतेच. लांबीच्या दिशेने अर्धा सेंटिमीटर जाड पट्ट्या कापून त्या आधी वाफवायच्या, मग मंद ओव्हनमध्ये किंवा वैशाखाच्या कडक उन्हात, जाळीखाली, वळेपर्यंत सुकवायच्या. चामड्यासारखी वाकणारी पट्टी हवी, काचेसारखी मोडणारी नको. ती पिल्लाला बराच वेळ पुरते. मीठ, तेल, मसाला काही घालायचे नाही. बाजारात मिळणारी खारवलेली सुकी मासळी मात्र याच कारणाने बाद, तिच्यात मीठ फार असते. कांदा, लसूण, द्राक्षे आणि मनुका कुत्र्याला विषारी आहेत, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

ज्यांच्या घरी पोकळ रबरी खेळणे आणणे जमते त्यांनी ते जरूर आणावे. पिल्लांसाठी त्याचे मऊ रबराचे वेगळे प्रकार मिळतात. त्यात दहीभात ठासून भरायचा आणि गोठवायचा. पिल्लू अर्धा तास ते चाटत-चावत बसते. मिठाशिवायचा दहीभात हा गोंदियातल्या कुठल्याही घरात असलेला पदार्थ, आणि दह्यात लॅक्टोज दुधापेक्षा कमी असल्याने पोटही बिघडत नाही. माझ्या मते मे महिन्याच्या दुपारी, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, पिल्लाला यापेक्षा चांगले काही देता येणार नाही.

चार महिन्यांच्या पुढे खाटकाकडच्या दोन वस्तू उपयोगी पडतात. एक म्हणजे बोकडाचे कान. त्यात कूर्चा असते, हाड नसते, चरबी फारच थोडी. दुसरी म्हणजे श्वासनलिका. तीही कूर्चेच्या कड्यांची, वाळवली की कुरकुरीत होते, दाताला जड जात नाही आणि पचते. तिच्याबाबत एक खबरदारी आहे. गळ्याजवळ तिला थायरॉइड ग्रंथी चिकटलेली असते. ती काढली नाही तर कुत्र्याच्या पोटात थेट थायरॉइडचे संप्रेरक जाते. असे खाणे रोज खाल्लेल्या कुत्र्यांत त्या संप्रेरकाचे प्रमाण वाढल्याची प्रकरणे पशुवैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. म्हणून खाटकाला वरचा, घाटीजवळचा भाग कापून फक्त खालची नळी द्यायला सांगावे.

आणि दोन्ही वस्तू कच्च्या कधीच द्यायच्या नाहीत. यामागे कुत्र्यापेक्षा माणसाचा प्रश्न मोठा आहे. बोकड, मेंढी, म्हैस यांच्या फुफ्फुसांत आणि काळजात कधीकधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. खाटीक त्या कापून बाजूला फेकतो आणि दुकानासमोरची कुत्री त्या खातात. त्या गाठींत एकायनोकॉकस नावाच्या पट्टकृमीची बाल्यावस्था असते. कुत्र्याच्या आतड्यात त्याचे काही मिलिमीटर लांबीचे कृमी होतात, कुत्र्याला त्याचा त्रास जवळजवळ होत नाही, पण शीवाटे अंडी बाहेर पडतात. ती केसांना, मातीला, भाजीला लागतात आणि माणसाच्या पोटात गेली की काळजात किंवा फुफ्फुसात वर्षानुवर्षे गाठ वाढत राहते. तिला हायडॅटिड म्हणतात आणि ती बहुतेकदा शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. पिल्लाला कुशीत घेऊन झोपणारे पोर ज्या घरात आहे त्या घरात कच्ची वजडी, कच्चे काळीज, कच्चे फुफ्फुस हा लाड होऊ शकत नाही. चांगले उकळले की कृमीची ही अवस्था मरते. पिल्लाला जंतांचे औषध वेळापत्रकाप्रमाणे द्यावेच, आणि बाहेरचे मांस चघळणाऱ्या कुत्र्यासाठी पट्टकृमीवर चालणारे औषध डॉक्टरांकडून वेगळे मागून घ्यावे. साध्या जंतांच्या प्रत्येक औषधात ते नसते.

तर कान किंवा नळी स्वच्छ धुवून वीस मिनिटे उकळायची आणि मग सुकवायची, हा क्रम उलटा करू नये. नुसत्या उन्हाने साल्मोनेला मरत नाही, माश्या मात्र भरपूर बसतात. मृग लागल्यावर तर उन्हात सुकवण्याचा नादच सोडावा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा इतकी दमट असते की बाहेरून सुकलेल्या तुकड्याला आतून बुरशी धरते. काही बुरशींचे विष कुत्र्याच्या यकृताला फार लवकर लागते. पावसाळ्यात थोडेच करावे, घट्ट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावे, आणि वास किंवा चिकटपणा जाणवला तर निःसंकोच फेकावे.

विकतच्या पाकिटांबद्दल थोडक्यात. बुली स्टिक नावाची कांडी म्हणजे नर गुराचे वाळवलेले शिश्न. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, म्हैसवर्गाला ती लागू नाही. तेव्हा घेताना लेबलवर प्राण्याचे नाव लिहिले आहे का ते पाहावे, नसेल तर घेऊ नये. अमेरिका-कॅनडातल्या संशोधकांनी २०१३ साली अशा २६ कांड्या तपासल्या. सहा इंची कांडीत सरासरी ८८ कॅलरी निघाल्या आणि काही कांड्यांवर ई. कोलायसारखे जंतूही सापडले. २०१९ मध्ये अमेरिकेत डुकराच्या वाळवलेल्या कानांमुळे दीडशेहून अधिक माणसांना साल्मोनेलाची बाधा झाली होती. कान कुत्र्यांनी खाल्ले, आजारी माणसे पडली. खाऊ हाताळल्यावर साबणाने हात धुण्याचा आग्रह त्यासाठीच.

पांढरी, गाठ मारलेली, हाडाच्या आकाराची जी स्वस्त वस्तू गोंदिया शहरातल्या दुकानांत टांगलेली दिसते ते कच्चे चामडे असते. जनावराच्या कातड्याचा आतला थर चुन्यात आणि रसायनांत धुवून ती करतात. ओले झाले की ते फुगते, लिबलिबीत होते आणि मोठा तुकडा सुटून घशात किंवा पोटात बसतो. वाढत्या पिल्लासाठी मी ते कधीही सुचवणार नाही. हिमालयातली छुर्पी, म्हणजे याक किंवा गायीच्या दुधाचे घट्ट वाळवलेले चीज, पदार्थ म्हणून उत्तम. नेपाळमधून ती कुत्र्यांसाठी मोठ्या प्रमाणात परदेशी जाते. पण नखाच्या कसोटीवर ती पुरती नापास होते. सगळे कायमचे दात येऊन वर्ष उलटेपर्यंत ती नको, आणि त्यानंतरही भिजवून मऊ केलेलीच बरी.

आता प्रमाण. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा, असा पशुपोषणतज्ज्ञांचा सर्वसाधारण नियम आहे. सात किलोच्या पाच महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. म्हणजे खाऊला मिळाल्या ६०, आणि एकटी बुली स्टिकच ८८ ची. वाढत्या वयात याचा अर्थ नुसता लठ्ठपणा एवढाच नसतो. खाऊने पोट भरले की मुख्य जेवणातले प्रथिन आणि खनिजे तेवढी कमी जातात.

मुख्य जेवणाचे बोलायचे तर आपला जिल्हा तांदळाचा, त्यामुळे पिल्लाच्या वाडग्यात भातच असतो. भातात कॅल्शियम नगण्य आहे. या सात किलोच्या पिल्लाने सहाशे कॅलरी निव्वळ भातातून घेतल्या तर त्याला तोलून जवळजवळ पावणेपाचशे ग्रॅम शिजलेला भात खावा लागेल आणि त्यातून कॅल्शियम मिळेल जेमतेम ५० मिलिग्रॅम. गरज असते सुमारे १८०० मिलिग्रॅमची. नुसत्या मांसाचेही तसेच, त्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम फार कमी. अशा आहारावर शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढू लागते. पाय वाकतात, पिल्लू लंगडते, साध्या उडीने हाड मोडते. पिल्लू माती किंवा भिंतीचा चुना चाटत असेल तर चघळायला काहीतरी देऊन ते थांबेल अशी आशा करू नये. जंत आणि अपुरे जेवण या दोन शंका आधी फेडून घ्याव्यात.

मग हाडे दिली तर कॅल्शियम मिळेल की, असे कोणाला वाटेल. ते गावठी पिल्लाच्या दातांना आणि आतड्यांना परवडत नाही, आणि लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लाच्या हाडांनाही नाही. साधारण सहा महिन्यांच्या आतले पिल्लू आतड्यातून किती कॅल्शियम शोषायचे यावर नीट ताबा ठेवू शकत नाही. जेवढे जास्त आत जाईल तेवढे जास्त रक्तात येते. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत जादा कॅल्शियम दिलेल्या पिल्लांची हाडे वेडीवाकडी वाढली, सांध्यांची कूर्चा बिघडली. म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लाला संतुलित खाद्य चालू असेल तर वरून कॅल्शियमचे औषध, हाडांचा चुरा किंवा हाडाचा खाऊ देऊ नये. आणि भातावर वाढणाऱ्या पिल्लाला दही, अंडे, डाळ, थोडे मांस आणि किती कॅल्शियम द्यायचे ते डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे ठरवून घ्यावे.

खाऊ देताना माणूस समोर हवा, हे वाक्य प्रत्येक पाकिटावर असते आणि कोणी पाळत नाही. ते पाळावे. गिळण्याजोगा तुकडा उरला की काढून घ्यायचा असतो, आणि तो कसा काढायचा हेही पहिल्या दिवसापासून शिकवायचे असते. तोंडातून हिसकावले तर पिल्लू शिकते की माणसाचा हात आला की वस्तू जाते. मग ते गुरगुरते किंवा घाईने गिळून टाकते. त्याऐवजी उकडलेल्या अंड्याचा तुकडा पुढे करावा, ते आपणहून खाऊ सोडते, आणि जमले तर थोड्या वेळाने तोच खाऊ परत द्यावा. घरात दोन कुत्री असतील तर दोघांना वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवावे.

पोरांच्या हातांचे राहिले. दात येणारे पिल्लू हात चावतेच, आणि त्याचे बारीक दात कातडीत सहज घुसतात. रेबीजची लस न झालेल्या पिल्लाच्या दाताने रक्त आले तर पिल्लू लहान आहे, घरचे आहे म्हणून दुर्लक्ष करू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. रेबीज पिल्लांमुळेही होतो. हात तोंडात गेला की ओरडण्यापेक्षा हात सैल सोडून त्या जागी गार गाजर द्यावे. हळूहळू पिल्लाला कळते की काय चावायचे आणि काय नाही.

पिल्लू सात महिन्यांचे झाले की पुन्हा एकदा ओठ वर करून पाहावे. एखाद्या जागी नव्या सुळ्याला चिकटून जुना दुधाचा सुळा उभा दिसला, तर तो आपणहून पडायची वाट पाहू नये. दोन दातांच्या फटीत अन्न अडकते आणि नवा सुळा वाकडा येऊन टाळूला टोचू शकतो. लहान जातींच्या कुत्र्यांत हे जास्त दिसते. असा दात डॉक्टरांकडून काढून घ्यावा, आणि तो काढेपर्यंत व पुढे काही दिवस च्यू बंद ठेवून मऊच खायला घालावे.